कोमट पाण्याची भानगड

त्या वर्षी थंडी फारशी पडणारच नव्हती. तसं जिवाणूबाईंच्या नवऱ्याने सांगितलं होतं, आणि नवरा काही साधासुधा माणूस नव्हता, वेधशाळेत होता. एकदा जेवताना, सुपात टोस्ट बुडवत तो अगदी सहज म्हणाला, "यंदा हिवाळा सौम्य आहे. स्वेटर माळ्यावरून काढायचीही गरज नाही."

लग्नाला एवढी वर्षं झाली, बाईंनी नवऱ्याचं फारसं काही ऐकलं नव्हतं. नेमकं हे ऐकलं.

बाईंकडे गावच्या सांडपाण्याचा प्लँट होता. गावाच्या टोकाला, डांबरी रस्ता संपून झुडपं सुरू होतात तिथे. घरोघरच्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं, संडासांचं पाणी गटारांतून तिथे यायचं आणि स्वच्छ होऊन पलीकडच्या नदीत जायचं. मधलं सगळं काम करायचे जिवाणू. क्रीडांगणाएवढी उघडी टाकी, तिच्यात तपकिरी पाणी, पाण्यात हवा घालणारे मोठमोठे पंखे गरगरताहेत, आणि कोट्यवधी जिवाणू गावाने नको म्हणून टाकलेलं निमूटपणे खाताहेत. बाई रोज सकाळी त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायच्या आणि आत कोण कसं आहे ते पाहायच्या. "आज मंडळी खुशीत आहेत," असं म्हणत बाहेर यायच्या. त्यामुळे गावात त्यांचं नाव पडलं जिवाणूबाई. तोंडावर मात्र सगळे मॅडमच म्हणायचे.

या मंडळींत दोन तऱ्हा होत्या. एक तऱ्हा बकासुराची. काहीही वाढा, केव्हाही वाढा, पान साफ. दुसरी तऱ्हा अमोनिया खाणाऱ्यांची. ती म्हणजे थेट जावई. सावकाश वाढणार, हवा भरपूर लागणार, वेळेवर सगळं लागणार आणि जरा गारठा पडला की रुसून बसणार. पाणी थंड झालं की बकासुर सुस्तावतात, पण जावई पार हातपाय गाळतात. आणि ते बसले की अमोनिया जसाच्या तसा नदीत जातो, मासे उलटे होतात, आणि प्रदूषण मंडळाचा तपासनीस दारात येतो.

म्हणून हिवाळ्याआधी टाकीतला गाळ जपून ठेवायचा असतो. गाळ म्हणजे घाण नव्हे, गाळ म्हणजे हे जिवाणूच. थंडीत प्रत्येक जण निम्मंच काम करणार, तर माणसं दुप्पट हवीत, इतका साधा हिशेब. पण यंदा गाळ वाढला होता, पंप कण्हत होते, ऑपरेटरही कण्हत होता, आणि हिवाळा तर सौम्य. बाईंनी बराचसा गाळ काढून वाळवायला पाठवून दिला.

पुढच्याच आठवड्यात थंडी आली. अशी आली, की सकाळी बागेतल्या नळाला बर्फाची काडी लटकलेली असायची आणि शेजाऱ्यांचं मांजर गाडीच्या बॉनेटवरून उठेना.

"वरच्या थरातल्या वाऱ्यांनी अचानक दिशा बदलली," नवरा म्हणाला. त्याच्या अंगात दोन स्वेटर होते.

"वरच्या थरात बदलली आणि भोगतेय माझी खालची टाकी," बाई म्हणाल्या.

"अंदाज हा अंदाज असतो गं."

"मग अंदाज म्हणून सांगायचं ना. तू तर स्वेटरची गॅरंटी दिलीस!"

दोन दिवस घरात वाऱ्यांच्या दिशेवरून बोलणं बंद राहिलं. इकडे टाकीचं तापमान रोज थोडं थोडं उतरत होतं आणि अमोनिया रोज थोडा थोडा चढत होता. प्लँटवर धुवायची राहून गेलेल्या मुतारीसारखा वास सुटला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं सामसूम. एरवी देठावर डोलणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या इवल्या जीवांची वर्दळ असायची. ते दिसले की समजायचं, टाकीची तब्येत ठीक. आता एखाददुसराच, तोही मिटून बसलेला.

घरात तिसरं माणूस होतं मामंजी, म्हणजे बाईंचे सासरे. त्यांची सगळी हयात कापडगिरणीच्या बॉयलरवर गेली होती. त्यांच्या मते जगातल्या यच्चयावत अडचणींचं मूळ एकच, वाफ कमी पडते. मुलाचं लग्न जमत नव्हतं तेव्हाही ते म्हणाले होते, "प्रेशर बसत नाहीये कुठेतरी." सासूबाई गेल्यापासून मात्र ते फारसं बोलत नसत. खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. पेपर पुढ्यात असायचा, पान उलटलेलं नसायचं.

त्या रात्री जेवताना बाई काकुळतीला येऊन प्लँटचं सांगत होत्या, तर मामंजी एकदम म्हणाले, "मग टाकी तापवा की."

"मामंजी, टाकी क्रीडांगणाएवढी आहे."

"बॉयलर मोठा घ्या."

"सगळ्या गावाने चुली बंद केल्या आणि तेवढा गॅस मला आणून दिला, तरी ते पाणी एका दिवसात एक अंश तापायचं नाही. वर पंखे गार हवा घुसळताहेत ते वेगळंच."

मामंजी गप्प झाले. बाईंना वाटलं, पटलं. सासरा गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, असं धरून चालणं ही बाईंची त्या हिवाळ्यातली दुसरी चूक.

कारण दुसऱ्याच दिवसापासून मामंजींची तऱ्हा बदलली. सकाळी उठून गुळगुळीत दाढी. मफलर. बुटांना पॉलिश. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत बाहेर पडायचे ते थेट संध्याकाळी यायचे. गाल लाल, खिशात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल. हा रुमाल घरातला नव्हता.

"बाबांना व्यायाम मानवतोय," नवरा म्हणाला.

"व्यायाम करून माणसाला घामाचा वास येतो. मामंजींना साबणाचा येतोय."

पण बाईंना त्या वासामागे जायला सवड नव्हती, कारण प्लँटवर एक नवलच सुरू झालं होतं. एके दुपारी ऑपरेटर धावत आला. हा माणूस स्वभावाने धावणारा नव्हता. पंप बंद पडला तरी तो आधी चहा संपवायचा.

"मॅडम, येणारं पाणी कोमट आहे!"

"कोमट?"

"हात घालून बघा."

"तू हात घातलास?"

ऑपरेटरने हात पाठीमागे लपवला. बाईंनी थर्मामीटर घातला. खरंच, गावाकडून येणारं पाणी रोजच्यापेक्षा दोन अंश गरम. संध्याकाळी पुन्हा थंड. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गरम. टाकीत मात्र काडीचा फरक नव्हता. एवढ्या पाण्यात ती ऊब कुठल्या कुठे विरून जात होती.

नवऱ्याला हे कळल्यावर त्याचा चेहरा फुलला. "बघ! उबदार वारे यायला लागलेत. थोडे उशिरा आले, एवढंच."

"वारे गटारातून येतात का?"

तो पुन्हा गप्प झाला. हे गप्प बसणं मात्र पटून होतं.

आणि मग फेस आला.

सकाळी बाई प्लँटवर पोचल्या तेव्हा टाकीवर पांढरी साय धरल्यासारखी दिसत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती कठड्याला लागली. पंखे फिरताहेत, साबण घुसळताहेत, आणि तो खाऊन टाकायला ज्यांनी पुढे यायचं ते थंडीने आखडून बसलेत. बाईंनी पाण्याचे फवारे मारायला लावले. फेस दोन हात खाली बसला आणि चार हात वर आला. चारच्या सुमारास त्याने कठडा ओलांडला, लॉनवर उतरला, बाईंच्या ऑफिसच्या खिडकीपर्यंत चढला आणि सावकाश, दमादमाने, लग्नघरच्या थोरल्या आत्याबाईसारखा फाटकातून बाहेर पडला.

रस्त्यावर ही गर्दी! सायकलवाला फेसात शिरला, तो अजून चालवतोय हे नुसत्या घंटीच्या आवाजावरून कळत होतं. एक कुत्रं त्यात घुसलं आणि बाहेर आलं ते मेंढी होऊन. समोरच्या घरातल्या आजोबांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली. शाळा सुटलेली पोरं एकमेकांना दाढ्या लावत होती. नव्यानेच लग्न झालेलं एक जोडपं त्या पांढऱ्या ढगात उभं राहून फोटो काढून घेत होतं. बाई ओरडल्या, "अहो, हे सांडपाणी आहे!" तर नवरी म्हणाली, "दिसत तर नाही."

या सगळ्यातून वाट काढत, कमरेपर्यंत फेसात, फाइल डोक्यावर धरून तपासनीस आला. काटकुळा माणूस, नाकाला रुमाल. सर्दीने बेजार झालेला.

"मला सांडपाण्याचा प्लँट बघायचाय," तो म्हणाला.

"हाच," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"आत. थोडा वेळ थांबलात तर दिसेल."

तपासनिसाने चारी बाजूंना पाहिलं. एक शिंक आली, तसं समोरच्या फेसात भगदाड पडलं आणि त्यातून ऑपरेटर दिसला. "मला सर्दी आहे मॅडम, वास काही येत नाहीये," तपासनीस म्हणाला. बाईंना हायसं वाटलं. "पण दिसतं मला सगळं." बाईंचं हायसं वाटणं तिथेच संपलं. "आज काय नमुना घेणार मी? साबणाचाच निघेल. महिनाअखेरीस येतो. तेव्हा अमोनिया मर्यादेत हवा, नाहीतर नोटीस. आणि तेव्हा मला प्लँट दिसायला हवा."

तो गेल्यावर बाईंचं डोकं ताळ्यावर आलं. कोमट पाणी दुपारी येतंय, फेसही दुपारीच वर चढला. म्हणजे दोघं एकाच घरून निघताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटरला दोरी बांधली, ऑपरेटरला बरोबर घेतलं आणि प्लँटकडून उलट्या दिशेने एकेक गटाराचं झाकण उघडत निघाल्या. झाकण उघडायचं, दोरी सोडायची, आकडा बघायचा, पुढे जायचं. जिथे दोन गटारं मिळतात तिथे दोन्हींत सोडायची, जे गरम त्याच्या मागे जायचं. लोक वाकून बघायचे.

"काही हरवलंय का मॅडम?"

"नाही, सापडलंय. दोन अंश. कोणाचे आहेत ते बघतेय."

बाजारपेठ मागे पडली. मोठं हॉस्पिटल मागे पडलं. आकडा चढत चालला. एका गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडलं तर आतून वाफच आली आणि ऑपरेटरचा चष्मा पांढरा झाला. समोर स्टीम लॉन्ड्री. सगळ्या हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे गाऊन, डेअरीच्या लोकांचे पांढरे कोट, सगळं इथेच धुवायला यायचं.

बाई तरातरा आत शिरल्या. यंत्रांची घरघर, दोऱ्यांवर टांगलेल्या चादरींच्या भिंती, आणि त्या भिंतींच्या पार पलीकडे, बॉयलरपाशी, बाह्या सरसावून, हातात पाना घेऊन, तोंडाने शीळ घालत उभे होते मामंजी. शेजारच्या स्टुलावर वाफाळता चहा आणि बिस्किटांची बशी.

"मामंजी!"

शीळ थांबली. पाना खाली आला. शाळकरी पोराला चोरून विडी ओढताना पकडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"अगं बाई, याच का तुमच्या सूनबाई?" चादरीआडून खणखणीत आवाज आला. लॉन्ड्रीची मालकीण. ठेंगणी, भरल्या अंगाची, कोपरापर्यंत ओले हात. यंत्रांच्या वर बोलायची सवय असल्याने ती 'बसा' म्हणाली तरी दटावल्यासारखं वाटायचं. "या, या! दिवसभर तुमचंच कौतुक ऐकते मी. सूनबाई असं म्हणाली, सूनबाई तसं म्हणाली. तुमच्या त्या बारक्या जनावरांना थंडी वाजते म्हणे?"

मग एकेक उलगडत गेलं. लॉन्ड्रीच्या मागे मोठा हौद होता. धुण्याचं गरम पाणी त्यात साठायचं, निवायचं आणि मग बारीक धारेने गटारात जायचं. मामंजींनी ते गावभर हिंडून शोधून काढलं होतं. एवढी ऊब हौदात बसून फुकट चाललीय आणि तिकडे सूनबाईची टाकी गारठलीय, हे त्या गिरणीतल्या माणसाला कसं बघवावं? त्यांनी मालकीणबाईंना गळ घातली, हौदाला बगल देऊन एक पाइप टाकला आणि गरमागरम पाणी थेट गटारात सोडून दिलं. त्याच वेळी त्यांना दिसलं, की बॉयलरचा एक व्हॉल्व्ह गळतोय. तो दुरुस्त केला. मग दुसरा दिसला. मग रोजच काहीतरी दिसायला लागलं.

"तुला सांगणारच होतो," मामंजी म्हणाले. "म्हटलं, आधी फरक पडू दे."

"पडला ना फरक! काल अर्धा रस्ता फेसात होता. मामंजी, तो हौद पाणी निववायला तर होताच, पण साबण थोडा थोडा सोडायलाही होता. तुम्ही सगळा साबण एका दमात पाठवलात. आणि ऊब? ऊब माझ्या टाकीपर्यंत पोचलीसुद्धा नाही. तपासनीस नोटीस द्यायला बसलाय!"

बाईंचा आवाज चढला होता. यंत्रं चालू होती, तरी कपडे घडी करणाऱ्या दोघी थांबून बघायला लागल्या. मामंजींनी मान खाली घातली. पान्याला लागलेलं तेल ते बोटाने उगाच पुसत राहिले.

"फेस वर बसला म्हणजे रजईच झाली की ती," ते हळूच म्हणाले. "खालची ऊब तेवढीच टिकली असेल."

हे अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. बाईंना हसू यायला लागलं आणि ते दाबताना ठसका लागला. मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता बाईंनी सासऱ्यांकडे नीट पाहिलं. खिडकीतल्या खुर्चीतला तो माणूस हा नव्हता. याच्या कपाळावर काजळी होती, शर्टाच्या बाह्या भिजलेल्या होत्या आणि डोळ्यांत जीव होता. रागावायचं अजून बरंच शिल्लक होतं, पण तोंडातून निघेना.

"तो पाइप काढा," एवढंच त्या म्हणाल्या. "आत्ता."

"काढतो." मामंजी पाना घेऊन मागे गेले.

मालकीणबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "मला नीट सांगा, मग आता त्या जनावरांचं करायचं काय?"

"मी घोळ केलाय आधीच, गाळ काढून टाकला. आता तो नव्याने वाढेपर्यंत उन्हाळा येईल. कुठूनतरी ताजा, धट्टाकट्टा गाळ आणून टाकीत सोडायला हवा. म्हणजे काम करणारी माणसं आयती मिळतील. डेअरीच्या आवारात त्यांचा स्वतःचा प्लँट आहे. त्यांचं पाणी बाराही महिने कोमट, तिथली मंडळी अगदी ठणठणीत. मी त्यांच्या मॅनेजरला दोनदा विचारलं. म्हणतो, आमचा गाळ ही कंपनीची मालमत्ता आहे, बाहेर देता येत नाही."

"कोण, तो टकल्या?" मालकीणबाईंनी हात पदराला पुसले आणि भिंतीवरचा फोन उचलला. "हॅलो! मॅनेजरसाहेब आहेत का? द्या... हां, साहेब, लॉन्ड्रीतून बोलतेय. कोट? कोट धुऊन तयार आहेत की. इस्त्रीसकट. उद्या मिळतील का? त्याचंच विचारायला फोन केला. तुमच्याकडे गाळ आहे म्हणे... नाही, नाही, गाळ. आमच्या सूनबाईंना हवाय... मालमत्ता? असं कसं, साहेब, कोट तर तुमचीच मालमत्ता आहे, तरी बघा, माझ्याकडेच पडलेत... हो... हो ना, उघड्या अंगाने दुधापाशी उभं राहता येत नाही, नियम आहेत... बरं. सकाळी टँकर पाठवते. बरोबर कोटही पाठवते. ठेवू?"

फोन ठेवून ती म्हणाली, "देतोय. किती हवाय?"

 बाई नुसत्या "आमच्या सूनबाई" एवढ्यावरच अडकल्या होत्या.

टँकरचं प्रकरण गावाला अजून आठवतं. गाळ भरून झाल्यावर मामंजी आडवे आले. "उबेतून निघालेली पोरं आहेत. वाटेत गारठतील." बाईंनी समजावलं, की एवढ्याशा वाटेत टँकरभर पाणी काही गार होत नाही. पण आदल्या दिवशी त्यांना बोललेलं मनात खुपत होतं, म्हणून फार ताणून धरलं नाही. मग लॉन्ड्रीतून एका हॉटेलची गुलाबी फुलांची ब्लँकेटं आली, ती टँकरला गुंडाळली, वरून दोऱ्या आवळल्या. पुढे ड्रायव्हर, शेजारी मामंजी, मागे ऑपरेटर स्कूटरवर, कुठे ब्लँकेट सरकतंय का यावर डोळा ठेवून. चौकात पोलिसाने हात केला.

"यात काय आहे?"

"पाहुणे," ऑपरेटर म्हणाला.

पोलिसाने ब्लँकेट उचलून नाक लावलं आणि लगेच हात दाखवून रस्ता मोकळा करून दिला.

पाहुणे टाकीत उतरले. त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. जिवाणूंच्या राज्यात चमत्कार होत नसतात, आणि थंडीत तर नाहीच नाही. बाईंनी गाळाचा एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाही. जे पंखे पाणी उगाच उंच उडवून थंड करत होते ते मंद केले. लॉन्ड्रीचा हौद पुन्हा बारीक धारेने वाहू लागला आणि फेस ओसरला. नवऱ्याने मात्र आपल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. रोज सकाळी वेधशाळेतून फोन करायचा. "आज पहाटे तीन अंश. उद्या अजून खाली जाईल, फार खाली जाईल, तू वाईटातलं वाईट धरून चाल." आता चुकायचं तर थंडीच्या बाजूने, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्या अंदाजांनी घाबरून निम्म्या गावाने नवीन स्वेटर घेतले.

अमोनिया आधी थांबला. चढेना, उतरेना. बाई दिवसातून तीनदा मोजायच्या, ऑपरेटर म्हणायचा, "मॅडम, दूध उतू जातंय का बघत बसलं की जात नाही, तसंच हे." मग एक दिवस तो जरासा उतरला. बाईंनी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी अजून जरासा. त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एक इवली घंटा उघडली, देठावर डोलली, मिटली, पुन्हा उघडली. बाईंनी ऑपरेटरला बोलावून दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला.

"हसतीये वाटतं," तो म्हणाला.

"खातीये," बाई म्हणाल्या. पण ती काचपट्टी त्यांनी दिवसभर तिथून काढली नाही.

महिनाअखेरीस तपासनीस आला. सर्दी गेली होती. फाटकाशीच त्याने नाक वर करून दीर्घ श्वास घेतला, आणि बाईंचा श्वास तेवढा वेळ अडकून राहिला.

"वास येतोय," तो म्हणाला.

"सांडपाण्याचा प्लँट आहे, साहेब."

"नाही, साबणाचा. छान आहे." तो मामंजींचा वास होता. ते नुकतेच लॉन्ड्रीतून चहा घेऊन आले होते. तपासनिसाने नमुना घेतला, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि प्लँट दिसतोय याबद्दल अभिनंदन करून निघून गेला. निकाल आला तो काठावर पास. पण पास तो पास. ऑपरेटरने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि चहा सुरू असताना एक पंप बंद पडला तर चहा टाकून उठलासुद्धा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी लॉन्ड्रीच्या मालकीणबाई प्लँट बघायला आल्या. एवढी वर्षं पाणी पाठवलं, ते जातं कुठे ते एकदा बघून येते, म्हणाल्या. मामंजींनी सगळं हिंडवून दाखवलं, निम्मं चुकीचं सांगितलं, बाईंनी मागून चालताना काही दुरुस्त केलं नाही. शेवटी नदीकडे जाणाऱ्या पाण्यापाशी मालकीणबाई वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, उजेडात धरलं आणि धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला द्यावी तशी दाद दिली. "खळखळून निघालंय हो. डाग म्हणून नाही."

बाईंना आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा हे भारी वाटलं.

त्या रात्री जेवणं आटोपत आली तेव्हा मामंजी खाकरले. "मी नोकरी धरलीय," ते म्हणाले. "लॉन्ड्रीत. बॉयलरवर. सोमवारपासून."

"या वयात नोकरी?" नवऱ्याच्या हातातला चमचा थांबला. "बाबा, लोक काय म्हणतील? म्हणतील, मुलगा बापाला राबवतोय."

"लोकांना सांग, बापाला घरी करमत नव्हतं."

"आणि त्या मालकीणबाई..." नवरा अडखळला, बायकोकडे बघायला लागला.

"त्यांचा बॉयलर फार जुना आहे," मामंजी म्हणाले. मग ताटाकडे बघत, "आणि त्या चहा चांगला करतात."

 बाई उठल्या आणि मामंजींचा निळा शर्ट उद्या धुवायला टाकायचा म्हणून खुंटीवरून काढायला गेल्या, तर मामंजी मागून म्हणाले, "राहू दे, तिथेच धुतील."

सोमवारी सकाळी धुकं होतं. बाईंनी प्लँटला जाता जाता त्यांना स्कूटरवर मागे घेतलं. मफलर तोंडावर ओढून मामंजी डबा मांडीवर धरून बसले होते.  लॉन्ड्रीच्या फाटकाशी मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ही काय वेळ झाली?" त्या ओरडल्या. "प्रेशर कोण धरणार, मी?"

मामंजी स्कूटरवरून उतरले, सुनेच्या खांद्यावर एकदा थोपटलं, आणि डबा छातीशी धरून पळत सुटले. सासऱ्यांना पळताना बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. स्कूटर चालूच ठेवून त्या, धुक्यात चादरींआड ते दिसेनासे होईपर्यंत, फाटकाशी थांबून राहिल्या.